गुडघ्याएवढे म्हातारे

गेल्या गणपतीत वाडीची सभा झाली. मुंबईकर मंडळी आलेली, देवळासमोर सतरंज्या पसरलेल्या, वर हॅलोजन लावलेला. चौथा ठराव सेक्रेटरीनं वाचून दाखवला : "देवरहाटीतील कचरा व झाडोरा साफ करून परिसर सुशोभित करणे आणि पाचशे रोपांची लागवड करणे." सगळ्यांनी हात वर केले. बायकांच्या बाजूनंही वर झाले. मी केला नाही. सेक्रेटरी म्हणजे माझा सख्खा पुतण्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, जरा थांबला, आणि वहीत लिहिलं, "सर्वानुमते मंजूर".

मी उठून बोललो. काय बोललो ते मलाच नीट आठवत नाही, कारण राग आला की माझी जीभ अडखळते. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या भावना समजतात. पण एकही मोठं झाड आम्ही तोडणार नाही. फक्त खालचा कचरा." लोकांनी माना डोलावल्या. मग चहा आला.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहितो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, १९७७ सालची दहावी. भात, नाचणी, थोडी काजू-कलमं एवढीच माझी विद्या. पण हा 'खालचा कचरा' मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं बघितलेला आहे, आणि त्यातला बराच एकेकाळी माझ्या हातानं मारलेलाही आहे. त्यामुळं या विषयावर बोलायचा हक्क वाडीत कोणाला असेल तर तो मला आहे.

आमची देवरहाटी, बोलताना आम्ही नुसतं 'रहाट' म्हणतो, संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही गावाची असते तशीच. मध्ये वाघजाईचं देऊळ, एका अंगाला ओढा, बाकी झाडं. ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, ओवळ, रातांबा, अंजनी, भेर्ली माड, आणि या सगळ्यांना गुंडाळून बसलेली गारंबी. जुनी रीत अशी की आतली सुकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. नेलीच तर देवीला कौल लावून, देवळाच्या कामापुरती. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया फिरून त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की असं काही शिल्लक आहे. आम्हाला ते माहीतच होतं, म्हणून आम्ही त्याची कदर केली नाही.

१९७९ साली देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मी एकोणीस वर्षांचा. अंगात रग होती आणि हातात नवी कोयती होती. आम्ही दहा-बारा पोरांनी देवळाच्या मागची आणि पाखाडीकडची बाजू आठ दिवसांत मोकळी केली. ओढ्याकडच्या बाजूला गेलो नाही. भक्तीमुळं नव्हे, तिकडं जळवा फार होत्या आणि कंटाळा आला. मोठ्या झाडाला कोणी हात लावला नाही. मनगटाएवढ्या, अंगठ्याएवढ्या, काडीएवढ्या रोपांवरून कोयती फिरवली, पातेरा ओढून भाजावळीसाठी शेतात नेला. आठव्या दिवशी रहाट आरपार दिसायला लागली. खांबांसारखी मोठी झाडं आणि खाली सारवल्यासारखी भुई. पंच म्हणाले, "वा, मंगल कार्यालय केलंत." आम्ही खूश.

आमचे आप्पा संध्याकाळी आले. त्यांनी एक काडीएवढं कापलेलं रोप उचललं, बोटांत फिरवलं. सात पानं होती त्याला. म्हणाले, "ही पोरं नायत रे बाबू. म्हातारी हायत ही." मला वाटलं, म्हातारा चळला. गुडघ्याएवढं रोप म्हातारं कसं असेल?

इथंच आमची सगळ्यांची चूक होते, आणि ती चूक भाताच्या माणसाची आहे. आम्ही तरवा बघत मोठे झालो. भात पेरलं की आठवड्यात हिरवं, पंचवीस दिवसांत लावणीला, दसरा-दिवाळीत घरात. आमच्या मनात 'उंची म्हणजे वय' हे पक्कं बसलेलं. जे उंच नाही ते कालचं. आणि जे उंच होत नाही ते रोगट, ते उपटून टाकायचं. शेतात हे बरोबर आहे. रहाटीत ते साफ खोटं आहे. मुंबईकरांना मी दोष देत नाही. त्यांच्यात ही समजूत आमच्याकडूनच गेलेली आहे.

आप्पा १९९४ साली गेले. त्यांच्या तेराव्यानंतर मी बरेच दिवस दुपारचा रहाटीत, ओढ्याकडच्या बाजूला एका काळ्या दगडावर जाऊन बसायचो. घरात बसवत नव्हतं. दगडाला टेकून ओवळीचं एक रोप होतं. शहरात तिला बकुळ म्हणतात. माझ्या नडगीच्या मध्यापर्यंत उंच, पानं नऊ. त्यातल्या एका पानाला अळीनं खाल्लेलं अर्ध्या चंद्रासारखं भोक. रोज तेच बघत बसल्यामुळं ते डोक्यात राहिलं. पुढच्या वर्षी शिमग्याला गेलो तर तेच पान, तेच भोक, तिथंच. त्याच्या पुढच्या वर्षीही. भाताचं पान तीन महिन्यांत पिवळं पडतं आणि हे पान तिसरं वर्ष बघत होतं! तेव्हा आप्पांचं बोलणं आठवलं आणि पोटात कसंतरी झालं. आजीच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी आणून तिथं बांधली. आधी काठीला बांधली, ती वाळवीनं खाल्ली. मग तारेचा तुकडा रोवला. असं करत करत पंधरा-वीस रोपांना चिंध्या झाल्या. दर शिमग्याला बदलायच्या आणि कोयतीच्या मुठीनं उंची मोजायची. बायको म्हणायची, लोकांची माणसं पत्ते खेळतात, आमचे हे मुठी मोजतात.

दगडाजवळची ती ओवळ १९९४ पासून २०२१ पर्यंत, सत्तावीस वर्षांत, नडगीपासून गुडघ्याच्या थोडी वर आली. एवढीच. दोनदा तर वरून फांदी पडून मोडली, पुन्हा बुडातून फुटली. म्हणजे वरचं खोड पाच-सात वर्षांचं आणि खालची मुळी किती वर्षांची ते तिचं तिलाच माहीत. मी तिला बघायला लागलो त्याआधी ती किती वर्षं तिथं होती, तेही कोण सांगणार?

मग ती जगते कशावर? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं छळत होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आभाळ काळं, त्यात वर झाडांचं छप्पर. त्या दिवसांत रहाटीत भर दुपारी पंचांग वाचता येत नाही. पुढं एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन झाडं मोजायला आल्या, तीन दिवस आमच्या पडवीत राहिल्या. त्यांनी सांगितलं की अशा दाट रानात उघड्यावरच्या उजेडाच्या शंभर भागांपैकी एखाददुसरा भागच भुईपर्यंत येतो. आणि त्या एका-दोन भागांतलाही बरेचदा निम्म्याहून जास्त कवडशांतून येतो.

कवडसे! ज्याच्याशी आम्ही लहानपणी पडवीत खेळायचो तेच. त्यानंतर मी दगडावर बसून रोपांऐवजी कवडसेच बघायला लागलो. वरची पानं वाऱ्यानं हलतात, एक भोक उघडतं, नाण्याएवढा उजेड खाली येतो, एका पानावर बसतो, सरकतो, जातो. कधी पाच सेकंद, कधी पाच मिनिटं. मॅडम म्हणाल्या, अंधारात बसलेलं पान एकदम कामाला लागत नाही, त्याला जाग यायला काही मिनिटं लागतात. पण एकदा जाग आली की ते थोडा वेळ जागंच राहतं आणि पुढचा कवडसा आला की लगेच घेतं. म्हणजे हे रोप दिवसभर दारात बसलेल्या माणसासारखं असतं. केव्हा कोण येईल सांगता येत नाही, पण आला की उठून घ्यायचं.

एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत उंच होण्याची चैन परवडत नाही. म्हणून ते उंच होत नाही. मिळेल ते पानं राखण्यात घालतं, थोडं मुळीत साठवतं. पानं रुंद, आडवी, एकमेकांवर सावली पडणार नाही अशी बसवलेली. आपल्याला ते खुरटलेलं वाटतं. खरं तर ते हिशेबानं राहतं. आमच्या घरात माझी आजी अशीच राहिली, १९७२च्या दुष्काळानंतरची दोन वर्षं, आणि तिला कोणी खुरटी म्हणायची हिंमत केली नाही.

सगळ्या झाडांना हे जमतं असं नाही. काटेसावरीचं बी कापसावर बसून उडत येतं, इवलंसं; त्याच्यात शिदोरी नसते, त्याला पडल्या दिवसापासून ऊन पाहिजे. सागाचंही तेच, सावलीत साग होत नाही. उलट जांभूळ, फणस, रातांबा यांच्या बिया मोठ्या; आईनं घरून शिदोरी बांधून दिलेली. त्यावर पहिले काही महिने निघतात, जाड पातेऱ्याच्या थरातूनही मुळी खाली मातीला लागते. जांभळाच्या एका बीतून तर दोन-दोन, तीन-तीन अंकुर निघतात. पण ही बी थांबू शकत नाही. सुकली की काही आठवड्यांत मेली. म्हणजे जांभूळ बी होऊन वाट बघत नाही, रोप होऊन बघतं. मातीत जांभळाचं बी शिल्लक असेल, पुढंमागं उगवेल, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. जे काही शिल्लक आहे ते ठरावातल्या त्या 'झाडोऱ्यात' उभं आहे.

इथं आणखी एका मंडळींशी माझं भांडण आहे. ती आमच्याच बाजूची, म्हणून जास्त राग येतो. शहरातून रान बघायला येणारे काही जण डोळे मिटून सांगतात की आईझाड जमिनीखालून बुरशीच्या धाग्यांतून पिल्लांना दूध पाजतं. बुरशी मुळांना असते हे खरं, तिचा झाडाला उपयोग होतो हेही खरं. पण आई पिल्लांना पाजते की नाही यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे, हे त्या मॅडमनीच सांगितलं. मी जे बघितलं ते वेगळं आहे. ओढ्यावरच्या जांभळाखाली आगोटाला घोंगडीएवढ्या जागेत दोनशेच्या वर रोपं असतात, पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात त्यातली निम्मी बुडाशी कुजून आडवी. आम्ही तरव्यात ज्याला मर म्हणतो तीच. मग अळ्या. मग रानडुक्कर नांगरून जातं. मग साळिंदर. मग फाल्गुन-चैत्राचा उन्हाळा. पुढच्या शिमग्याला त्या घोंगडीत बोटावर मोजण्याइतकी उरतात, तिसऱ्या वर्षी एखादं, बरेचदा तेही नाही. आणि जी उरतात ती बहुतेक आईपासून लांबची. ककणेरानं, उदमांजरानं, वाघळानं नेऊन टाकलेली. आईच्या बुडाशी तिचे रोग आणि तिच्या अळ्या आधीच बसलेल्या असतात. तेव्हा दुधाची गोष्ट सांगू नका. ती ऐकून लोकांना वाटतं, आई आहे ना, दहा कापली तर दहा वाढवील. दोनशेतून एक वाचतं आणि ते एक वाचायला वीस वर्षं अंधारात बसतं, हे सांगा. मग कोयती उचलताना हात जड होईल.

पुतण्यानं सभेनंतर मला घरी येऊन एक प्रश्न विचारला. प्रश्न चांगला होता, म्हणून मी त्याला चहा पाजला. म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणता मोडलं तरी बुडातून फुटतं. मग आम्ही कापलं तर काय बिघडलं? पुन्हा फुटेल की."

फुटेल. एकदा फुटेल. वीस वर्षं पै-पै करून मुळीत जे साठवलेलं असतं ते खर्चून फुटेल. मग ती तिजोरी रिकामी. ती पुन्हा भरायला त्याच नाण्याएवढ्या कवडशांची वीस वर्षं पाहिजेत. तुम्ही पुढच्या गणपतीला पुन्हा मशीन फिरवणार, कारण एकदा 'स्वच्छ' केलं की ते स्वच्छ दिसलं पाहिजे, नाहीतर मुंबईहून विचारणा होते. आम्ही १९७९ला कापलं तेव्हाही पुढच्या पावसात पुष्कळ फुटलं होतं. आम्ही म्हटलं, बघा, देवीची कृपा. आणि पालखीच्या आधी पुन्हा कापलं. सहा वर्षं दर शिमग्याला कापलं. सातव्या वर्षी कापायला काही नव्हतं. आम्ही म्हटलं, चला, मेहनत वाचली.

ती मेहनत कुठं गेली ते २०२१ला कळलं.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्यानं वर सरकलं. आमच्याकडं रात्रभर कौलं उडत होती. सकाळी रहाटीत गेलो तर दोन मोठी झाडं आडवी. ओढ्याकडचा किंजळ आणि देवळामागचा बेहडा. दोन्ही पडताना बाजूची चार-दोन घेऊन पडलेली. दोन्हीकडं आभाळाला सारखंच भगदाड. म्हणजे एकाच रात्री, एकाच वादळात, एकाच रहाटीत दोन भोकं. एक आम्ही साफ केलेल्या बाजूला, एक जळवांच्या भीतीनं राहिलेल्या बाजूला. शाळेत विज्ञानाचा प्रयोग करतात तसं देवीनं मांडून दिलं.

ओढ्याकडं पहिल्या महिन्यात मला वाटलं, संपलं. दगडाजवळच्या ओवळीची पानं कडेनं करपली, मग पिवळी झाली, मग गळली. सावलीतली पानं ती, त्यांना आख्खं ऊन झेपत नाही. अर्ध्या चंद्राचं भोक असलेलं पान तर कधीच गेलेलं, पण त्याच्यानंतरचीही सगळी गेली. नुसती काडी. मी तिच्यासमोर दगडावर बसून राहिलो. पुतण्यासारखंच मलाही वाटलं की हे असंच मरायचं होतं तर सत्तावीस वर्षं कशाला? मग आषाढात तीन कोंब आले. लहान, जाड, तांबूस पानं. आधीची नव्हेतच ती, उन्हाची पानं. त्या वर्षी ती फारशी वाढली नाही. २०२२च्या पावसात वाढली. आज चार पावसाळे झाले, ओवळ माझ्या छातीला लागते. तिच्या शेजारची दोन जांभळं माझ्या डोक्यावरून गेली. त्यातल्या एकाची चिंधी बांधलेली जागा आता मनगटाएवढी जाड आहे. चार रातांबे आहेत, अंजनी आहेच. त्या भगदाडात आता वाकूनच जावं लागतं. कोणी खड्डा खणला नाही, कोणी पाणी घातलं नाही.

देवळामागं काय झालं? तिथं भुई स्वच्छ होती. ऊन पडलं आणि पहिल्या पावसात रानमोडी आली. दुसऱ्या पावसात पुरुषभर उंच. कडेला चांदाडा आला, मोठमोठ्या गोल पानांचा, पाखरांनी आणून टाकलेला. तो आला ते बरं झालं, त्याची सावली होईल. पण बेहड्याच्या जागेवर पुढं उभं राहील असं एकही रोप मला त्या सगळ्यात सापडलं नाही. मी गुडघ्यावर बसून शोधलंय. रानमोडी वाळते, चैत्रात एखाद्याची विडी पडली तर भडकेल, आणि तिच्याबरोबर देवळाचं लाकूडकामही जाईल. ही माझ्या नव्या कोयतीची कमाई. देवळामागं उभं राहिलो की मी १९७९ सालच्या त्या पोराला शिव्या घालतो.

आणि सभेत याच रानमोडीकडं बोट दाखवून सांगितलं गेलं, "बघा किती कचरा झालाय, म्हणून साफसफाई." कचरा झालाय कारण साफसफाई झाली होती! हे मी सभेत म्हणालो असतो तर बरं झालं असतं. घरी आल्यावर सुचलं.

पाचशे रोपांबद्दल थोडक्यात सांगतो. २०१९ साली राज्यभर ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प होता. त्या पावसात आमच्या वाडीनंही सड्यावर खड्डे मारले. मीही होतो, फोटोत दुसऱ्या रांगेत आहे. कातळावर हातभर माती, काळ्या पिशवीतली रोपं, मुळ्या पिशवीत गोल गोल फिरलेल्या. चैत्रात टँकर लावायला कोणाकडं पैसे नव्हते. उरलंसुरलं बकऱ्यांनी आणि आमच्या आळसानं संपवलं. सड्यावर आज जी चार-पाच झाडं दिसतात ती आम्ही लावलेली नाहीत. करवंदीच्या जाळीत पाखरांनी टाकलेल्या बियांची आहेत ती. जाळीनं गुरांपासून वाचवली, उन्हापासून वाचवली, मग जाळीतून डोकं वर काढलं. तिथंसुद्धा सावलीनंच काम केलं. आता सुशोभीकरणाच्या यादीत माझ्या पुतण्यानं लिहिलेली नावं वाचली : फॉक्सटेल पाम, बॉटल पाम, अशोक. अशोक म्हणजे तो खांबासारखा सरळ उभा राहणारा, सीतेचा नव्हे. वीस-वीस, तीस-तीस वर्षं वाट बघत बसलेली ओवळ कापायची आणि तिच्या जागी नर्सरीतला बॉटल पाम आणायचा, तोही पैसे देऊन. याला सुशोभित म्हणतात.

मी हट्टी आहे, पण आंधळा नाही. बायकांचं म्हणणं खरं आहे : पाखाडीवर संध्याकाळी भीती वाटते, फुरसं असतं. पाखाडीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन हात साफ करा, सौरदिवे लावा, मी पहिली वर्गणी देतो. पालखी नाचवायला देवळासमोरचं खळं आहे, ते सारवून ठेवा. रानमोडी काढलीच पाहिजे. पण ती हातानं, मुळासकट, पावसाळ्यात माती भुसभुशीत असताना, फुलायच्या आधी उपटायची. त्यात एखादं ओवळीचं पोर सापडलं तर त्याच्याभोवतीची जपून काढायची. याला माणसं लागतात आणि दिवस लागतात. ग्रासकटरला अर्धा दिवस पुरतो. त्या पट्टीला ओवळ आणि रानमोडी यातला फरक कळत नाही. खरं सांगायचं तर चालवणाऱ्यालाही कळत नाही, कारण त्याला कोणी दाखवलेलाच नाही.

आणखी एक. "उजेड पाहिजे असेल तर वरच्या फांद्या थोड्या छाटून देऊ की," असंही एक जण म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला. तर बाबांनो, तेही करू नका. भगदाड पडलं तेव्हा त्या बाजूची सगळी रोपं वाचली नाहीत. मी चिंध्या बांधलेल्यांपैकी काही करपून कायमची गेली. पडणारं झाड पडेल तेव्हा पडेल. वादळाचं वेळापत्रक मंडळाच्या हातात नाही, हे चांगलंच आहे.

ठराव आता शिमग्याच्या आधी अमलात यायचा आहे. मशीनवाला पलीकडच्या गावातला, तासावर भाडं घेतो. पुतण्या परवा येऊन गेला. म्हणाला, "काका, ठराव मागं घेता येणार नाही, देणगीदारांना कळवलंय. पण तुम्ही ज्याला चिंधी बांधाल तेवढं सोडायला सांगतो मी त्याला." त्याला वाटलं पंधरा-वीस रोपांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, "बरं. शब्द दिलास हां."

तो गेल्यावर बायकोनं न सांगता ट्रंक उघडली. आजीची दोन लुगडी शिल्लक होती, नऊवारी, म्हणजे अठरा वार कापड. बोटभर रुंद आणि वीतभर लांब फाडली तर किती होतील याचा हिशेब ती पाटीवर करत होती. कालपासून आम्ही दोघं सकाळी लवकर जातो, ओढ्याकडून सुरुवात केलीय. ती बांधते, मी तिला जागा दाखवतो, कारण माझे गुडघे आता वाकत नाहीत. पहिल्या दिवशी दोनशे चाळीस झाली आणि आम्ही अजून काळ्या दगडापर्यंतसुद्धा पोचलो नाही.